चोवीस हजारांचा आळ

"हात ठेव लेकीच्या डोक्यावर! आन् सांग, चोवीस हजार तू न्हाय दडवलंस म्हणून!"

दगडाबाईंनी सहा वर्षांच्या श्रेयाला दंडाला धरून राजेश्वरीपुढे उभं केलं, तेव्हा त्या माउलीच्या काळजाचं पाणी पाणी झालं... निरवांगीच्या त्या घरात सून म्हणून आल्यापासून तिनं पुष्कळ ऐकून घेतलं होतं, पण चोर हा शब्द तिला आजवर कुणी लावला नव्हता! तिनं हात ठेवला. शपथही घेतली. पण सासूचं समाधान शपथेनं व्हायचं असेल तर ना!

घडलं होतं इतकंच. नणंद सृष्टीचा नर्सिंगला नंबर लागला होता आणि बारामतीच्या कॉलेजात एक लाख वीस हजार भरायचे होते. घरात दमडी नव्हती. कपड्याच्या कारखान्यात शिलाई मशीनवर पावणेपाच वर्षं पाठ मोडून घेतलेल्या राजेश्वरीच्या फंडात मात्र तेवढे साठले होते. फंड सगळा काढायचा तर नोकरी सोडायची आणि दोन महिने थांबायचं. तिनं तेही केलं. कारखान्यातल्या क्लार्क कौसल्याबाईंनी तिला परोपरीनं सांगितलं होतं, "अगं, तीन महिने कळ काढ. नोकरीची पाच वर्षं भरली की कर लागत नाही. आधी सोडून काढलास तर सरकार कापून घेतं!" पण कॉलेज का तिच्यासाठी थांबणार होतं? थोडंफार कापतील, तेवढे कुठूनतरी उभे करू, असं म्हणून तिनं सही केली आणि घरात चकार शब्द काढला नाही... कळलं असतं तर सृष्टीनं त्या पैशाला हात लावला नसता, हे तिला ठाऊक होतं.

हातात आले शहाण्णव हजार.

"सरकारनं कापलं, आत्या..." हुंदके देत ती म्हणाली.

"सरकारनं? ह्यांनी साखर कारखान्यात तीस वरसं काढली. त्यांचा फंड आला तवा एक रुपाया न्हाय कापला कुणी! आन् तुझ्या चार दिसाच्या नोकरीवर सरकारचा डोळा व्हय? तुझ्या भावानं परवा म्हस कशी घेतली गं?"

सासऱ्यांचा, कैलासवासी दादासाहेबांचा फंड खरोखरच अख्खा आला होता. तो अख्खा का आला, हे विचारायची अक्कल मात्र त्या घरात कुणाला नव्हती. कागद दाखव म्हणाले असते तर तिनं पायी बारामतीच्या त्या कपड्याच्या कारखान्यात जाऊन आणला असता. पण कागद कुणी मागितलाच नाही, मागितले ते पैसे!

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अवं, तुमी तरी बोला..."

"पैसं घिऊन ये, मग बोलू," युवराज खाली बघत म्हणाला. "तवर पोर हितंच ऱ्हाईल."

मुदत टळली, सृष्टीची जागा गेली, आणि राजेश्वरी निमगाव केतकीला भावाच्या दारात येऊन उभी राहिली. एकटी!

आठ महिने ती पानमळ्यात विड्याची पानं खुडत होती आणि दर रविवारी सासरी फोन लावत होती. तिचा आवाज ऐकला की पलीकडचं माणूस फोन ठेवून देई. असल्यांना देव पोरंबाळं तरी कशाला देतो!

आणि एका दुपारी दारात रिक्षा थांबली. सृष्टी उतरली, मागून युवराज, दगडाबाई... आणि आजीचा पदर धरून श्रेया! लेक बोटभर उंच झाली होती.

"वैनी," सृष्टी पुढं येऊन म्हणाली, "मी तुमच्याच कारखान्यात लागली. फंडाचा फॉर्म भरताना कौसल्याबाई म्हणल्या, पाच वर्षाच्या आत काढू नको, तुझ्या वैनीचं चोवीस हजार गेलं. कागदच दाखवला मला. आमच्या आबांची तीस वर्षं भरलेली, म्हणून त्यांचं कापलं न्हाय. तुमचं दहा टक्केच कापायचं, पण पॅन कार्डावर तुमचं माहेरचं नाव, सारजा. फंडात राजेश्वरी. जुळलं न्हाय, म्हणून दुप्पट कापलं..."

ते नवं नाव लग्नात तांदळाच्या ताटात लिहायला लावलं होतं ते दगडाबाईंनीच. सारजा हे नाव त्यांना गावंढळ वाटलं होतं, स्वतः दगडाबाई असून!

"म्या पाप केलं गं पोरी! माझ्या जिभंला किडं पडू देत!" म्हणत म्हातारीनं सुनेच्या पायांवर डोकं टेकलं. युवराज आताही खालीच बघत होता.

राजेश्वरीला त्यातलं काहीच नको होतं. तिचे डोळे एकट्या लेकीवर खिळले होते. तिनं दोन्ही हात पसरले. "ये गं माझे बाळा... ये!"

श्रेया जागची हलली नाही. तिनं आजीचा पदर ओढला.

"आजी, ऊठ की! चोराच्या पाया कशाला पडती?"

"आगं, आई हाय ती तुझी! चोर न्हाय..."

"तूच तर रोज म्हणतीस!"

लेक आणखी भेदरू नये म्हणून राजेश्वरीनं पसरलेले हात मागे घेतले, आणि वाकून सासूला उठवलं.