कमानीची दोन टोकं

हे भुयारी स्टेशन मी बांधलं. म्हणजे खोदलं दुसऱ्यांनी, नकाशा तिसऱ्याचा, मी फक्त छताला टाइल्स चिकटवल्या. त्यातही निम्म्याच. उरलेल्या निम्म्या माझ्या जोडीदाराने चिकटवल्या, आणि आज खालून मान वर करून बघितलंत तर ज्या सरळ रेषेत दिसतील त्या त्याच्या.

हसा. मीही जन्मभर लोकांना हसत आलोय. फक्त ही गोष्ट संपेपर्यंत तो दिवा चालू राहू द्या. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. लोकांना दचकवण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हल्ली आमच्या घरात दाराची कडी लावायला बायको उठते.

आधी स्टेशन समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला थापा वाटेल. समोरासमोर दोन फलाट, मध्ये रूळ. खांब एकही नाही. एका फलाटाच्या मागच्या भिंतीतून कमान उठते, रुळांवरून ऐसपैस पसरते आणि थेट पलीकडच्या फलाटामागे जाऊन टेकते. नकाशेवाले साहेब म्हणायचे, खाली उतरणाऱ्याला आपण जमिनीखाली आहोत असं वाटताच कामा नये. म्हणून टाइल्स दुधी आणि चकचकीत, म्हणून दिवे कमानीच्या पायथ्याशी लपवलेले. उजेड भिंतीवरून वर चढत जातो आणि छत अधांतरी तरंगल्यासारखं दिसतं. मी त्यांना म्हटलं होतं, "साहेब, एवढंच असेल तर एक खिडकी ठेवून टाका की." ते बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जोडीदाराला मी लांब्या म्हणायचो. दारातून आत येताना त्याला वाकावंच लागायचं. तो मला नकल्या म्हणायचा, कारण कोणाचाही आवाज मी दोन दिवसांत उचलायचो. कमानीच्या एका पायथ्याशी तो काम करायचा, दुसऱ्या पायथ्याशी मी. एकदा मी टाइलला सिमेंटचा मसाला लावत होतो आणि अगदी गालाला लागून त्याचा आवाज आला, "हा नकल्या मसाला कमी लावतोय. ह्याची टाइल एक दिवस कोणाच्या तरी टकलावर पडणार."

मी गर्रकन वळलो. लांब्या रुळांपलीकडे होता, पाठ माझ्याकडे, भिंतीशी तोंड, स्वतःशीच पुटपुटत. कमानीने ते पुटपुटणं उचललं होतं, डोक्यावरून वळवून आणलं होतं आणि माझ्या कानात ओतलं होतं. मग आम्ही ती जागा हुडकून काढली. ह्या बाकामागे एक, त्या बाकामागे एक. इथे भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की तिथे ऐकू येतं, तिथलं इथे. मधल्या माणसाला काही पत्ता नाही. साहेबांनाही नव्हता. आम्ही सांगितला नाही. एवढ्या शिकलेल्या माणसाचा आनंद कशाला वाढवायचा.

लांब्या मागच्या वर्षी गेला. मला घरात करमेना, आणि घराला माझ्याशी करमेना. बायको म्हणाली, "दुपारचं कुठेतरी जाऊन बसा, माझं डोकं खाऊ नका." मी स्टेशनात जाऊन बसू लागलो. थंडगार असतं, बाक फुकट, आणि समोरच्या बाकावर रोज नवीन गिऱ्हाईक. टाय लावलेल्या माणसाला भिंतीतून सांगायचं, "मोजा उलटा घातलाय." तो खाली बघायचा, मग आजूबाजूला, मग हळूच पाय बाकाखाली घ्यायचा. मी तेवढ्यात वर्तमानपत्र उलटं धरून वाचत बसलेला.

अशाच एका दुपारी समोरच्या बाकावर वहिनी येऊन बसल्या. लांब्याची बायको. मांडीवर पिशवी, डोकं भिंतीला टेकलेलं, गाडी आली आणि गेली तरी उठल्या नाहीत. माझ्या जिभेला खाज सुटली. आजही सांगतो, मनात वाईट काही नव्हतं. मनात काही नव्हतंच, हीच माझी खोड. मी भिंतीला तोंड लावलं आणि लांब्याच्या आवाजात म्हणालो,

"डबा आणलास का गं?"

वाटलं होतं, दचकतील, इकडे बघतील, मला ओळखतील आणि चप्पल दाखवतील. त्या दचकल्या नाहीत. त्यांनी फक्त मान वळवली, गाल टाइलला लावला, आणि माझ्या कानात त्यांचा आवाज आला, अगदी घरातल्या घरात बोलावा तसा.

"उद्या आणते."

तिथेच हसून "वहिनी, मी आहे" म्हणायचं होतं. नाही म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या. कपडे इस्त्रीचे, केस नीट विंचरलेले. त्या केसांकडे बघून माझं धाडस गेलं. आता सांगायचं म्हणजे ते सगळं त्यांच्या तोंडावर विस्कटायचं. म्हणून त्या दिवशीही मी लांब्या झालो. मग रोज.

तुम्हाला वाटेल, बोलायला काय, चार गोड शब्द. पण कमान एका बाजूने थोडीच चालते. त्या बोलायच्या आणि मला ऐकावं लागायचं. गुडघ्याचं दुखणं, रात्रीची झोप, लेकीला कशावरून टाकून बोलल्या आणि मग स्वतःच रडल्या ते. नवऱ्यालाच सांगायच्या गोष्टी. दुसऱ्याच्या घरात दारामागे उभं राहावं तसा मी भिंतीला चिकटून उभा, आणि हलायची सोय नाही. घरी जेवताना बायको म्हणायची, "घास हातात धरून काय बसलाय?" मी म्हणायचो, मीठ जास्त झालंय. ती बिचारी दुसऱ्या दिवशी कमी घालायची.

मग लांब्याची लेक भेटली. ती परगावी असते, आईला न्यायला आली होती. मला जिन्यात गाठलं आणि म्हणाली, "काका, आई भिंतीशी बोलते. मी डोळ्यांनी बघितलं. विचारलं तर म्हणते, तुझे बाबा आहेत. डॉक्टर म्हणतात, तिला एकटं ठेवू नका, औषधं चालू करू, वेळ पडली तर दाखल करावं लागेल. तुमचं ती ऐकते. तुम्ही समजावाल?"

"बघतो," मी म्हणालो.

बघतो. चांगल्याभल्या बाईला माझ्या थट्टेपायी वेड्यांत काढायला निघाले होते, आणि मी म्हणालो बघतो. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य घशापर्यंत यायचं आणि तिथे माझी अब्रू पाय पसरून बसलेली असायची.

आणि बघा, पळवाट स्वतःहून चालत आली. स्टेशनची डागडुजी निघाली होती. आवाज इतका घुमतो की गाडीची घोषणा म्हणजे कोणीतरी गुळण्या करतंय असं वाटतं, ही लोकांची तक्रार. नवीन नकाशेवाल्या बाई आल्या, डोक्यावर पिवळी टोपी, हसतमुख. कमानीला आतून आवाज गिळणारे जाड तक्ते लावायचं ठरलं होतं. जुना मिस्त्री म्हणून मला विचारलं, सुरुवात कुठून करावी. मी त्यांना बाजूला घेतलं आणि थेट त्या बाकामागचा कोपरा दाखवला.

"इथून करा. इथली पकड चांगली आहे."

पकड कुठलीही सारखीच होती. मला एवढंच हवं होतं की भिंतीचं तोंड बंद व्हावं. आवाज आपोआप थांबेल, वहिनी लेकीबरोबर जातील आणि मला काही बोलावं लागणार नाही. त्यांचा नवरा दुसऱ्यांदा जाईल, एवढंच. हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

तक्ते दुसऱ्या दिवशी लागणार होते. त्या दुपारी माझ्या दाताने गोंधळ घातला. दवाखान्यात ताटकळलो आणि स्टेशनात पोचायला बराच उशीर झाला. ठरवून आलो होतो, लांब्याच्या आवाजात शेवटचं सांगायचं, "जा लेकीकडे", आणि मोकळं व्हायचं. उतरताना बघितलं तर कामासाठी पायथ्याचे अर्धे दिवे काढलेले. त्यामुळे उजेड वरपर्यंत पोचतच नव्हता. जे छत तरंगायचं ते आज खाली उतरून आल्यासारखं वाटत होतं. ओल्या सिमेंटचा वास, गंजाचा वास. माझ्या फलाटावर चिटपाखरू नाही. रुळांवर कुठूनतरी पाण्याचा थेंब पडायचा, थांबायचा, विसरलोय की काय असं वाटावं इतका थांबायचा, आणि पुन्हा पडायचा.

समोर वहिनी बसल्या होत्या. गाल भिंतीला.

मी माझ्या जागेशी गेलो, तोंड उघडणार तोच ऐकू आलं. त्या बोलतच होत्या.

"...नाही, रागावले नाही मी..."

मग गप्प. कोणाचं तरी ऐकताना माणूस गप्प बसतो तशा गप्प.

"...झालं ते झालं... पुरे आता. रडू नका."

पुन्हा गप्प. मान हलवली. हसल्या पण.

मी मागे बघितलं. माझ्या फलाटावर मी सोडून कोणी नव्हतं. आणि मग ते ध्यानात आलं. त्यांच्या कानात जे पोचतं ते ह्याच जागेवरून. दुसरीकडून कुठूनही नाही. त्यांच्याशी जो कोणी बोलत होता तो आत्ता, ह्या क्षणी, माझं डोकं जिथे होतं तिथे तोंड लावून उभा असायला हवा.

मी टाइलकडे बघितलं. माझ्या तोंडासमोर ती कोरडी होती. वर, माझ्या डोक्याच्याही वर, जिथे पोचायला मला टाचा उचलाव्या लागल्या असत्या, तिथे चकचकीत टाइलवर वाफेचा एक डाग होता. तळहाताएवढा. बघता बघता तो लहान झाला. मग मोठा झाला. मग लहान. मी हात वर करून बोट लावलं. भिंत बर्फासारखी, आणि तेवढीच जागा कोमट. वास आला लवंगेचा. लांब्या दाढेत कायम लवंग धरून असायचा.

"लांब्या..." मी म्हणालो. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

डाग मोठा होताना मध्येच थांबला.

त्यानंतर जिना कसा चढलो आणि पलीकडचा कसा उतरलो, ते माझ्या गुडघ्यांना विचारा. वहिनींच्या शेजारी जाऊन धपकन बसलो. डबा मध्ये उघडा होता.

"वहिनी," मी म्हणालो, "मला काहीतरी सांगायचंय. इतके दिवस... भिंतीतून... तो लांब्या नव्हता. मी होतो."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही त्यांची नक्कल करता तेव्हा शेवटी नाकाने श्वास ओढता. ते नाही ओढायचे."

थेंब पडला.

"मग बोलत का राहिलात?"

"तुम्ही रोज यायचात, भाऊजी. त्यांच्या आवाजात बोलायचात. मला वाटलं, माझ्यापेक्षा तुम्हालाच करमत नाहीये." त्यांनी डब्याचं झाकण उचलून हातात धरलं. "आणि मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू."

"अहो पण लेकीला सांगितलंत की बाबा बोलतात. ती तुम्हाला दवाखान्यात घालायला निघाली."

"मग काय सांगू तिला? काका म्हातारपणी भिंतीआडून तिच्या बापाची सोंगं काढतात, हे? तुमच्याकडे बघायची नाही ती पुन्हा कधी."

माझी मान खाली गेली ती वर येईना. डबा, त्यांची चप्पल, माझी चप्पल, एवढंच दिसत होतं. आयुष्यभर ज्यांना ज्यांना हसलो ते सगळे त्या वेळी समोरच्या बाकावर दाटीवाटीने बसलेत असं वाटलं.

"जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "तेच तेच पुन्हा कशाला? आज एवढा वेळ सगळं बोललात की मोकळेपणी. तेही स्वतःच्या आवाजात. लेकीलाही खरं सांगतो म्हणालात, बरं वाटलं मला."

"मी?"

"माफी मागितलीत, रडलात. ते तक्त्यांचंसुद्धा सांगितलंत, की कोपरा तुम्हीच दाखवलात, तोंड लपवायला. ते ऐकून आधी रागच आला होता मला."

मी बोट गालाकडे नेलं.

"वहिनी... मी दवाखान्यात होतो. दाताला. आत्ता आलोय. हा बघा, गालात कापूस आहे अजून."

त्यांनी माझ्या गालाकडे बघितलं. बराच वेळ. झाकण हातातच राहिलं. मग त्यांनी हळूहळू मान फिरवून रुळांपलीकडे, माझ्या रिकाम्या बाकाकडे बघितलं. छतावरून काहीतरी सरकत आल्यासारखं झालं, आवाज म्हणावा तर आवाज नाही, आणि आमच्या दोघांच्या मध्ये लवंगेचा वास येऊन थांबला.

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. तिकडेच बघत, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या,

"म्हणजे माफी मागायलासुद्धा त्यांनाच पाठवलंत, भाऊजी?"