घागर वाहणारा नायक

भर उन्हात तो आमच्या सोनपेठच्या दारात उभा राहिला. नखं शाईनं काळी, गळ्यात आमच्यासारखंच लिंग.

"लेखक कुठं हायेत? मी लिंगराज. परभणीच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो."

"लेखक भांडी घासायलेत," मी म्हणाले.

त्यानं माझ्या राखेनं माखलेल्या हातांकडे पाहिलं... मग माझ्याकडे. हसला नाही. बरं झालं. उलटून बोलायचं बळ माझ्यात नव्हतं.

"महादेवीबाई तुमीच? मालकांचा निरोप हाय. एकोणचाळिसावं पान काढा, न्हाईतर पुस्तक छापत न्हाई."

त्या पानावर माझा नायक आजारी बायकोसाठी नदीवरून डोक्यावर घागर आणतो. बस, एवढंच! बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्या मी मागून मागून वाचल्या. त्यांत पुरुष दोनच – एक छळणारा, एक उद्धार करणारा. माझा नवरा दोन्ही नव्हता. रोज भाजीला नावं ठेवायचा आणि सहा वर्षांपूर्वी एक दिवस तापानं गेला. म्हणून मी मला हवा तसा पुरुष लिहिला. तीन वर्षं, माहेरी अप्पांच्या घरचं काम उरकून, डोळे मिटत असताना.

"मालकांना काय खुपलं?"

"म्हणतात, असला बायल्या कोण वाचंल?"

"आन् तुमी?"

"घागर चुकलीय तुमची..."

"म्हंजे?"

"एकट्याच्या डोक्यावर ती चढंल कशी? बाया एकमेकींला हात लावतात. बाप्याला कोण लावंल? धोब्याच्या दगडावर ठिवायची, गुडघ्यावर बसून डोकं खाली घालायचं... माय दोन वर्षं अंथरुणाला होती. मीच आणायचो. गल्ली हसायची."

मी हात पदराला पुसले. पदर खराब झाला.

"दगड घालून लिहिते. पान जुळवाल?"

"नोकरी जाईल."

"मग नका. माझ्यापायी मरणारा पुरुष नको मला. असले लय वाचलेत!"

आता मात्र तो हसला. नव्यानं लिहिलेलं पान घेऊनच गेला.

तिसऱ्या बाजारच्या दिवशी परत आला. हातात छापलेलं पान, धोब्याच्या दगडासकट.

"नोकरी?"

"गेली. जिंतूरला कापसाच्या जिनिंगवर लागलो. पुस्तक मातर निघतंय. मालकांनी बघितलं तवर छापून झालतं. लढाईपायी बाजारात कागद मिळंना, फाडवलं न्हाई त्यांना." मग खाली बघत – "महादेवीबाई, आपल्यात विधवेचा पाट लागतो..."

"लागतो."

"मग—"

"घोरता का?"

"लय."

"भाजीला नावं ठेवता?"

"खारट असंल तर."

"रागावता?"

"उपाशी असलो की."

मला हसू आलं, पण ओठांपर्यंत यायला त्याला वेळ लागला. सहा वर्षांचा शीण असा पटकन जात नाही.

"अप्पांशी मीच बोलते. तुमी शेजारी बसा. मधी बोलू नका... आन् पळून जाऊ नका."

"न्हाई जात," तो म्हणाला. पण चपला त्यानं दाराकडं तोंड करून काढल्या. मला दिसल्या.

मी अप्पांना हाक मारली.