आठव्या माळेचा नैवेद्य

“आई आली… बायांनो, आई आली!” केशरबाईंनी आरोळी ठोकली आणि देवघरात दाटीवाटीनं बसलेल्या पंधरा-वीस बायका एकदम उठून उभ्या राहिल्या. घटावर सातवी माळ नुकतीच चढली होती. समोर पाटावर बसलेल्या धुरपताबाई डावी-उजवीकडे झुलत होत्या, हात थरथर कापत होते, कपाळावरचं कुंकू घामात विरघळून नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळलं होतं आणि नजर… नजर कुठेतरी लांब जाऊन थांबली होती. कुणी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, कुणी मळवट भरला, कुणी लेकीचं लग्न कधी जमेल म्हणून विचारायला लागलं. चुडावा गावात इतक्या वर्षांत कुणाच्या घरी असं घडलं नव्हतं. केशरबाई तर धुरपताबाईंच्या धाकट्या जाऊ. थोरल्या जावेच्या अंगात आई आली म्हणजे निम्मी आपल्याही अंगात आली असं त्यांना वाटत होतं.

उंबऱ्याबाहेर धुरपताबाईंची सून कावेरी उभी होती. तिला आत यायची बंदी होती, पण घाम तर बाहेरूनही दिसत होता. तो घाम, ती थरथर, ती हरवलेली नजर… परभणीच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी तिला जे जे सांगितलं होतं ते सगळं समोर पाटावर बसलं होतं. तिचं अंतःकरण व्याकुळ झालं. बायकांना दोन्ही हातांनी बाजूला सारत ती आत घुसली, घटापुढच्या नैवेद्याच्या वाटीतली साखर मुठीनं उचलली आणि सासूच्या तोंडात घातली, वर पाण्याचा तांब्या लावला.

“गिळा आत्याबाई… गिळा.”

देवघरात जो गलका उसळला तो रेल्वे स्टेशनापर्यंत ऐकू गेला असेल. गलका व्हायला कारणही होतं म्हणा. या पोरीनं एका मुठीत सोवळं मोडलं, देवीचा नैवेद्य उष्टावला आणि धुरपताबाईंचा नऊ दिवसांचा उपास सातव्या दिवशी मोडला. पंधरा मिनिटांनी थरथर थांबली, घाम वाळला, धुरपताबाईंनी ओळखीच्या नजरेनं इकडेतिकडे पाहिलं. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बायकांच्या मते रागावलेली आई निघून गेली होती.

कावेरीला देवघराची बंदी का होती, तेही सांगितलं पाहिजे. धुरपताबाईंचे तळपाय चार-पाच वर्षांपासून जळत होते. तापल्या तव्यावर उभं केल्यागत आग, मुंग्या, मधूनच सुई टोचल्यासारखी कळ. रात्री पांघरुणाचा काठ पायाला लागला तरी त्या कळवळत. शेवटी परभणीला नेलं तेव्हा साखर निघाली. साखरेनं पायांच्या नसा दुखावल्यात, असं डॉक्टर म्हणाले. साखरेची गोळी रोज सकाळी न चुकता, आणि ती घेतली की अर्ध्या तासात जेवण झालंच पाहिजे; नसांसाठी एक बारीक गोळी झोपताना, तिचा गुण हळूहळू येईल; आणि दुखण्याची दुसरी कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. घाम आला, हात कापले, भान हरपलं तर आधी गोड घालायचं आणि मग थेट इकडे आणायचं. कावेरीनं यातला शब्द न् शब्द पाठ केला होता.

डॉक्टरांनी एक काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटलीही दिली. सासूच्या लघवीचे आठ थेंब त्या निळ्या औषधात टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळंच राहिलं तर लघवीत साखर नाही, हिरवं-पिवळं झालं तर थोडी, विटेसारखं लाल झालं तर भरपूर. घरात हे करणार कोण? कावेरीचा नवरा रंगनाथ शाळेत मास्तर. मुलांना विज्ञान शिकवायचा, पण या नळीकडे बघून त्याला मळमळायचं. कावेरीनं पदर खोचला आणि रोज पहाटे न्हाणीपाशी नळी धरली. त्याचं बक्षीस काय मिळालं, तर धुरपताबाईंनी जाहीर केलं, “लघवीला हात लावनारीनं माझ्या देवाला हात लावायचा न्हाई.” कावेरीनं तक्रार केली नाही. तिनं देवघर सोडलं, नळी सोडली नाही.

यंदा, म्हणजे शहाऐंशीच्या नवरात्रात, धुरपताबाईंनी पायांची आग थांबावी म्हणून नवस बोलला. नऊ दिवस फक्त सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध. कावेरीनं हात जोडून विनवलं, की आधी डॉक्टरांना विचारू, गोळी तरी कमी करून घेऊ. ऐकतंय कोण? पहिल्या माळेपासून नळीतलं औषध निळंच राहायला लागलं, तेव्हा सासू म्हणाल्या, “बग, आईनं माजी साखर काडून घेतली.” पण पोट रिकामं आणि गोळी चालूच, या विचारानं कावेरीची झोप उडाली.

तर त्या सातव्या माळेच्या दुपारी बायका पांगल्यावर कावेरी सासूचं घामेजलेलं लुगडं बदलायला बसली, तेव्हा कमरेची चंची सुटून खाली पडली. आत सुपारी, कात आणि लाल गोळ्यांचं एक पाकीट. दहातल्या तीनच उरल्या होत्या.

“ह्या कशाच्या गोळ्या आत्याबाई?”

धुरपताबाईंनी पाकीट हिसकावून घ्यायचा प्रयत्न केला, पण हातात जोर नव्हता.

“केशरीनं पूर्ण्याच्या बाजारातून आणल्या. तिचं गुडघ्याचं दुखनं ह्यानंच राह्यलं. माजीबी आग कमी व्हायलीय. तुज्या त्या बारीक गोळीला दोन वर्सं झाली, लय धीमी हाय ती.”

“पन डाक्टर म्हनले होते…”

“गप बस.” धुरपताबाईंचा आवाज चिरकला आणि डोळे एकदम भरून आले. “पाच वर्सं माजे पाय जळायलेत कावेरे. कुनी इचारलं न्हाई. मी रडले तर लोकं म्हनली, म्हातारी सोंग करायलीय. आज त्याच पायावर गाव डोस्कं ठेवायलंय. ह्या गोळ्याचं कुनाला बोलू नगस. मी खोटी पडंन. न्हाईतर तुला माज्या पायाची शपथ.”

कावेरी त्या सुजलेल्या, कोरड्या पायांकडे पाहत राहिली. तिला राग यायला हवा होता, पण आली ती दयाच… अपार दया. मान मिळावा म्हणून ही बाई मरणाच्या दारात बसायला निघाली होती, आणि तिला स्वतःला ते कळतही नव्हतं. कावेरीनं पाकीट आपल्या पदराच्या गाठीला बांधलं. “न्हाई बोलनार,” ती म्हणाली, “पन आता एकबी गोळी खायची न्हाई.”

रंगनाथ शाळेतून आला तोवर सगळं गाव त्याच्या कानात ओतून झालं होतं.

“आईच्या तोंडात साखर कोंबलीस? चार बायांसमोर?”

“त्यांची साखर उतरली होती. देवी नव्हती ती. उपाशीपोटी गोळी खायलेत त्या. तुमी ती गोळी उद्या देऊ नका, परभणीला चला.”

“गोळी एक दिवस चुकवायची न्हाई, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. तू डॉक्टर झालीस का?” मास्तरांचं हे असंच. सांगितलेलं अर्धं वाक्य ते प्राण गेला तरी पाळणार. “दसरा झाला की पालमला जा, माहेरी. बोलावीन तेव्हा ये.”

पदराची गाठ सोडून एक पाकीट दाखवलं असतं तर सगळं फिरलं असतं. कावेरीनं गाठ घट्ट मुठीत धरली आणि मान खाली घातली.

आठव्या माळेला गर्दी दुप्पट झाली. आई पुन्हा येणार, ही बातमी पूर्ण्यापर्यंत पोचली होती. संबळ वाजत होता, उदाचा धूर कोंदला होता, ओट्या घेऊन आलेल्या बायका अंगणात उभ्या होत्या, आणि कुणाचाच पाय जमिनीवर ठरत नव्हता. पण कावेरीला ठाऊक होतं की कालचा मोडलेला उपास भरून काढायला सासूनं दूधही बंद केलंय, आणि सकाळी सातला रंगनाथनं स्वतःच्या हातानं साखरेची गोळी दिलीय.

बारा वाजता हात कापायला लागले.

“आई आली!”

कावेरी धावली, पण केशरबाईंनी देवघराच्या दाराशी दोन धडधाकट बायका उभ्या केल्या होत्या. एकीनं तिचा दंड धरला. आत घाम ओघळत होता, मान एका बाजूला कलत होती. ओरडावं, तर संबळात कुणाला ऐकू जाणार? खरं सांगावं, तर कोण मानणार, आणि शपथेचं काय? वेळ निसटत होता… आणि त्या घटकेला तिला काय सुचलं कुणास ठाऊक, ती दंड सोडवून उंबऱ्यावरच गुडघे टेकून बसली, दोन्ही हातांनी पदर पसरला आणि टाहो फोडला.

“आई, मी चुकले! काल तुजा उपास मी मोडला, पाप माजं हाय, शिक्षा मला दे. पन माज्या घरून उपाशी जाऊ नगस. गोड खाल्ल्याबिगर गेलीस तर ह्या घराचं वाटोळं व्हईल. माज्या हातचं घेऊ नगस माय, केशरकाकूच्या हातचं घे.”

संबळ थांबला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. अपराधी सून शरण आली होती, आणि तिचं म्हणणंही रीतीला धरून होतं. घरी आलेल्या आईला उपाशी कसं पाठवायचं?

“खरंय की,” एक म्हातारी म्हणाली, “द्या आईला नैवेद्य.”

केशरबाई कृतार्थ झाल्या. गुळाच्या पाण्याची वाटी त्यांनी जावेच्या ओठांना लावली, अन् बाहेरून कावेरी रडत रडत सांगत होती, “आनखी एक घोट दे आईला काकू… हळू, ठसका लागंल… आता पुरन चार… आनखी थोडं.” बायका हात जोडून बघत होत्या. अष्टमीचं पुरण होतं, भरपूर गूळ घातलेलं, आणि केशरबाईंनी भक्तिभावानं अख्खी मूद चारली. देवीला एवढ्या आग्रहानं कुणी जेवू घातलं नसेल.

हळूहळू थरथर ओसरली. धुरपताबाईंच्या डोळ्यांसमोरचा धूर निवळला आणि त्यांना पहिल्यांदा दिसली ती सून. उंबऱ्यावर कपाळ टेकलेली, विस्कटलेल्या केसांची, सगळ्या गावादेखत न केलेलं पाप अंगावर घेऊन पडलेली… आणि पदराच्या गाठीत ते पाकीट, तसंच बांधलेलं. एक बाई त्या पदरावर पाय देऊन पुढं सरकली, तरी पोरगी हलली नाही.

धुरपताबाई हट्टी होत्या, खुळ्या नव्हत्या. काल साखर तोंडात पडली अन् आई गेली. आज गूळ पडला अन् आई गेली. दोन्ही खेपेला गोड पोटात जाताच अंग ताळ्यावर आलं होतं. बायका वाट बघत होत्या, आई सुनेला काय शिक्षा सांगते म्हणून.

“रंगा,” दाराशी आलेल्या लेकाला त्या म्हणाल्या, “पॅसेंजर किती वाजता हाय?”

गाडीत रंगनाथ, कावेरी आणि केशरबाई, अशी तिघं सोबत होती. केशरबाई परभणी येईपर्यंत डब्यातल्या प्रत्येकाला आईच्या आगमनाची हकीगत सांगत होत्या. धुरपताबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. पूर्ण्याच्या पुढं त्यांचे हात पुन्हा बारीक कापायला लागले तेव्हा कावेरीनं गुळाचा खडा पुढं केला, आणि त्यांनी तो तिच्या हातून घेऊन खाल्ला.

दवाखान्यात बाकड्यांवर जागा नव्हती. डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला, पट्टी पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. लगेच बाटली लावली. मग चढ्या आवाजात विचारलं, “इतकी साखर खाली गेली कशी? गोळी देऊन उपाशी कुणी ठेवलं हिला? आणखी दोन तास गेले असते तर बाई हाती लागली नसती.”

रंगनाथ पांढराफटक पडला. गोळी त्यानंच दिली होती.

“माज्याच्यानं चूक झाली,” कावेरी म्हणाली.

“खोटं बोलायलीय ती,” खाटेवरून धुरपताबाईंचा आवाज आला. चांगला मोठा आवाज, बाहेरच्या बाकड्यांनाही ऐकू जावा असा. “डाक्टरसाहेब, उपास मी धरला. ती पाया पडली तरी सोडला न्हाई. आन् हिच्या पदराची गाठ सोडा, त्यातल्या लाल गोळ्या मी खाल्ल्यात, चोरून. पायाची आग सोसवंना म्हनून.”

कावेरीनं गाठ सोडली. डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “या गोळीनं साखरेच्या गोळीचा जोर वाढतो, बाई. वर पोट रिकामं. उद्यापर्यंत इथंच राहावं लागेल, साखर पुन्हा पुन्हा उतरेल. पायांच्या आगीसाठी रात्रीची गोळी थोडी वाढवून बघू. पण यापुढं दुखलं तर मला सांगायचं, बाजाराला नाही.”

“सांगंन.” धुरपताबाईंनी मान वळवून लेकाकडे पाहिलं. “रंगा, काल अन् आज हिनं मला दोनदा वाचवलं. ही पालमला जायची न्हाई. तुला राग आला तर तू जा.”

रंगनाथ पुढं आला. त्यानं बायकोच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली, आणि इतक्या वर्षांत ती त्यानं पहिल्यांदाच घेतली होती.

केशरबाईंचा जीव मात्र खालीवर होत होता. त्या खाटेवर वाकून कुजबुजल्या, “आक्का, हे चुडाव्यात सांगू नगा. गोळ्या मी आनल्या, ते ऱ्हाऊ द्या. पन देवी आलीच नव्हती म्हनलं तर लोकं काय म्हनतील? परत कुनी पायाला हात लावनार न्हाई.”

“मीच सांगनार हाय, घरोघर जाऊन,” धुरपताबाई म्हणाल्या. त्यांनी मोकळा हात लांब केला, कावेरीचं मनगट धरलं आणि तिला ओढून खाटेवर, आपल्या अंगाला अंग लागेल अशी बसवून घेतलं. “दोन दिवस देवी होऊन बगितलं केशरे. आता जरा सासू होऊन बगते.”

कावेरीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन वर्षांत ती एकदाही खरं रडली नव्हती. ते सगळं रडू आता आलं.