कियोएची परवानगी

हिसानो खरं तर काकड्या आणि वांगी घ्यायला बाहेर पडली होती. पितर घरी यायचे दिवस तोंडावर आले होते. त्यांना बसून येण्या-जाण्यासाठी काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करायचा, वांग्याची गाय करायची, ही कामं आता तिच्याच गळ्यात होती. वाटेत शेजारच्या ओकुमुराकाकूंनी तिला गाठलं.

"चल गं देवळात, ते गावोगाव फिरणारे कथेकरी रिन्शोगुरुजी भुताची गोष्ट सांगताहेत. अंगावर काटा आला की उन्हाळ्यात तेवढाच गारवा!"

टळटळीत दुपार, पण देवळाच्या फळ्या लावून आत अंधार केलेला. उदबत्तीच्या धुरात घामाचा वास मिसळला होता. गुरुजींच्या बुटक्या मेजावर एकच मेणबत्ती जळत होती.

"कथा तुमच्याच तळ्याची," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. "काठावरच्या लॉजमधली मोलकरीण, कियोए. रीतीप्रमाणे सकाळी तिच्या थडग्यावर उदबत्ती लावली, परवानगी घेतली, मगच इथे बसलोय."

हिसानोनं चमकून मान वर केली. कियोए तिची धाकटी बहीण. तीन वर्षांपूर्वी गेलेली.

गुरुजींची कियोए एका पाहुण्यावर भाळली, फसली, जीव देऊन मोकळी झाली. आणि आता तिन्हीसांजेला तळ्यातून तिचा पांढरा हात वर येतो... काठावरची लहान पोरं आत ओढतो... गुरुजींनी मिटलेला पंखा फाडकन मेजावर आपटला. लोक दचकले आणि मग मजा वाटून खुदखुदले.

हिसानोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ताडकन उठली.

"बंद करा हे!"

"बस गं, लोक बघताहेत," काकू कुजबुजल्या.

"बघू देत! पोरं ओढते म्हणे! अहो, पाहुण्यांची मुलगी पाण्यात पडली, तेव्हा काठावरचे बाप्ये नुसते ओरडत होते. उडी टाकली ती माझ्या बहिणीनं. पोरीला वर ढकललं आणि स्वतः बुडाली. आणि कुठल्या थडग्यावर गेला होतात हो? तिला थडगंच नाही! अस्थी अजून पुरलेल्याच नाहीत, माझ्या घरी आहेत. आईला त्या अजून सोडवत नाहीत."

गुरुजींचा चेहरा उतरला. "लॉजवाल्यांनी दाखवलं ते..."

"म्हणजे कुणा परक्यापुढे वाकून आलात आणि माझ्या बहिणीची हडळ केलीत! लाज नाही वाटली?"

गुरुजी मेजामागून पुढे आले, चटईवर दोन्ही हात टेकवून त्यांनी कपाळ लावलं. "चुकलो, ताई. आत्ताच्या आत्ता खरी गोष्ट सांगतो. तिच्या वतीनं तुम्ही परवानगी द्या."

हिसानो बसली नाही. "दिली. पण तिच्या तोंडून सांगा. सगळ्यांना ऐकू दे."

गुरुजींनी डोळे मिटले. बाईचा आवाज काढला. आधी तो नकलेसारखाच होता, मग बारीक झाला, शब्द ओढायला लागला. कियोए अगदी अशीच बोलायची. गुरुजींनी तर तिला कधी पाहिलंही नव्हतं. उदबत्तीच्या वासावर शेवाळाचा वास चढला.

"ताई... पोरीला वर ढकललं गं. तिच्या आईनं तिचा हात धरलेला पाहिला मी..."

काकूंनी रुमाल डोळ्यांना लावला. हिसानोचा राग विरघळला. शेवटी कुणीतरी खरं बोललं होतं.

"मीही आले असते गं वर... पण दुसरी हात सोडेना..."

"दुसरी?" हिसानो एक पाऊल पुढे आली. "दुसरी कुठली, कियो? पाण्यात एकच पोर पडली होती..."

गुरुजी डोळे विस्फारून, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून बसले होते. आवाज तरीही येत होता.

"सगळे असंच म्हणतात, ताई... म्हणून तर ती सोडत नाही."