फुलीला कारण लागतं

त्या रविवारी मी बाजारात गेले होते बटाटे आणायला. आणि पाहते तर काय, एका टेबलामागे उभा राहून एक उंच तरुण साबणाची वडी चाटत होता.

ग्रीसमधल्या आमच्या थेसालोनिकीत तेव्हा दर रविवारी बिनदलालांचा बाजार भरायचा. शेतकरी ट्रकमधून थेट बटाटे, तांदूळ, तेल विकायचे. मी तंत्रविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे. सरकारच्या काटकसरीत माझा विभागच बंद झाला, तेव्हापासून चार महिने मी घरी होते. त्यामुळे थांबून बघायला वेळ होता.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"तपासतोय," तो शांतपणे म्हणाला. "जिभेला झिणझिण्या आल्या तर कॉस्टिक सोडा शिल्लक आहे. नाही आल्या, तर साबण तयार. लेस्वोस बेटावर आमची आजी असंच करायची."

"नंतर आजींना चव कळायची का?"

"तिच्या स्वयंपाकावरून तरी वाटायचं नाही."

पुढच्या रविवारी मी फिनॉल्फ्थॅलीनची बाटली, ड्रॉपर आणि थोडं स्पिरिट घेऊन गेले. का गेले, ते स्वतःला विचारलं नाही. साबणाचा कीस स्पिरिटमध्ये विरघळवला आणि वरून एक थेंब टाकला. सगळं सुंदर गुलाबी झालं.

"वा," तो वाकून बघत म्हणाला. "गुलाबी म्हणजे चांगलं ना?"

"गुलाबी म्हणजे कॉस्टिक शिल्लक, साबण कच्चा. साबण चाळीस दिवस मुरावा लागतो. तुम्ही घाई केलीत."

त्याचे कान लाल झाले. "मग सध्या मीही कच्चाच म्हणायचा."

मी बटाट्यांकडे बघू लागले...

त्याचं नाव स्त्रातिस. शहराबाहेर रंगाच्या एका कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा. मंदीत मालक दाराला कुलूप घालून निघून गेला. एकोणीस कामगारांनी ते कुलूप काढलं आणि स्वतःचं लावलं. घराला रंग द्यायला आता कोणाकडे पैसे नव्हते. पण हात सगळ्यांनाच धुवावे लागतात. म्हणून साबण. मालक नाही, साहेब नाही, सगळ्यांची मजुरी सारखी. त्यांना साबण तपासणारं कोणी हवं होतं. मी त्यांच्यातली विसावी झाले.

दर बुधवारी सभा व्हायची. सभेत ओरडायला बंदी होती. काटकसरीविरुद्ध चौकात झालेल्या आंदोलनात शिकलेल्या खुणा आम्ही तिथे वापरायचो. पटलं, तर दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. मुळीच पटलं नाही, तर छातीसमोर मनगटावर मनगट — फुली. एक जरी फुली पडली, तरी ठराव थांबायचा. ज्याचा ठराव, त्याने मत द्यायचं नाही. हात गुडघ्यांवर ठेवून बसायचं.

मी एका नियमाची भर घातली. फुलीला कारण लागतं, आणि ते कारखान्याच्या हिताचं हवं, वैयक्तिक चालणार नाही. कारण आमच्यातल्या पांदेलिसकाकांनी लॅव्हेंडरच्या साबणाला फुली मारली होती. त्यांच्या मेहुणीला तो वास आवडतो म्हणून.

स्त्रातिस दर बुधवारी काहीतरी मांडायचाच. माशाच्या आकाराचा साबण. माझी फुली: शेपटी तुटेल. निळा साबण. फुली: टॉवेलला रंग लागेल.

"फुलीबाई," बाहेर पडताना तो म्हणाला, "तुला आवडतं असं काही आहे का गं जगात?"

"ज्याला पुरावा आहे ते."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेली गरम बुगात्सा, म्हणजे क्रीम भरलेली पेस्ट्री होती, वर दालचिनी भुरभुरलेली. कागदावर लिहिलं होतं: पुरावा. मग एकदा उत्तरेकडून वार्दारिसचा वारा सुटला, तेव्हा तो आला आणि माझ्या फडफडणाऱ्या कागदांवर बॉयलरचा एक जाड नट ठेवून गेला. तो नट मी परत केला नाही. त्यानेही मागितला नाही.

फेब्रुवारीत त्याच्या चुलतभावाचं जर्मनीतल्या ब्रेमेनहून पत्र आलं. जहाजांच्या इंजिनांचं काम, पक्की नोकरी. त्या वर्षी प्रत्येक घरातून कोणी ना कोणी जात होतं. आमच्या इमारतीत तर फक्त म्हातारी माणसं उरली होती. मी त्याला म्हटलं, "चांगलं आहे." आणखी काही बोलले नाही. तीन आठवडे.

मग एका बुधवारी तो उठला. "ठराव. मला कारखान्यातून मोकळं करावं." खाली बसला, हात गुडघ्यांवर.

त्या दिवशी सभा चालवायची पाळी पॅकिंगच्या एवान्थिआमावशींची होती. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. हळूहळू हात वर जाऊ लागले. जड हात, पण हलत होते. कोणाला अडवायचं, आणि कशासाठी?

माझेही हात उठले. अर्ध्यावर आले आणि... मनगटावर मनगट.

"मेल्पो," मावशी म्हणाल्या, "कारण?"

"बॉयलर..."

"मला येतो की चालवता," पांदेलिसकाका म्हणाले.

"कारण आहे," मी म्हटलं. "पण वैयक्तिक आहे. ते नियमात बसत नाही. फुली मागे घेते."

"थांब पोरी," मावशी म्हणाल्या. "वैयक्तिक म्हणजे किती वैयक्तिक?"

मी खिशातला नट घट्ट धरला. "मला तो इथे हवा आहे. बुधवारी, रविवारी... आणि मधल्या दिवशीही."

कोणाच्या तरी हातून डब्याचं झाकण पडलं. स्त्रातिस हात गुडघ्यांवर ठेवून बसून होता. पण त्याच्या कानांचा रंग माझ्या ओळखीचा होता.

"नियमांची वही काढ," मावशी म्हणाल्या. "सोडून जाणाऱ्याबद्दल काय लिहिलंय?"

मी वाचलं. "'सभासद केव्हाही जाऊ शकतो. त्याने फक्त कळवावं.'" अक्षर माझंच होतं. मी पुन्हा एकदा वाचलं.

"ठराव लागतो?"

"नाही..."

"मग या बाबाने कशाला मांडला?"

दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यातही मी कधी चुकले नाही. हे मात्र सुटलं होतं. मी त्याच्याकडे वळले. "तुला नियम माहीत नव्हता?"

"पाठ आहे. तूच दोनदा वाचायला लावला होतास."

"मग?"

"तीन आठवडे वाट बघितली. तू 'चांगलं आहे' म्हणून गप्प. म्हटलं, फुलीबाईंना एकदा ठरावच देऊन बघू."

"आणि मी हात हलवले असते तर?"

"तर गेलो असतो. बॅग भरलेली आहे." मग तो जरा हळू बोलला. "बॉयलर गळतो, मेल्पो. उद्या आपल्याला इथून हुसकूनही लावतील. तिकडे यातलं काही नाही. पण तिकडे मला फुली कोण मारणार?"

"आम्हाला जेवायला जायचंय," पांदेलिसकाका म्हणाले.

"फुली मारलीस, आता पर्याय मांड," मावशींनी मला सांगितलं.

मी उठून उभी राहिले. "ठराव. स्त्रातिसने राहावं. चाळीस दिवस, साबण मुरतो तितके. मग तपासू."

"आणि गुलाबी निघालं तर?" त्याने विचारलं.

"तर आणखी चाळीस."

आता ठराव माझा होता. मी बसले, हात गुडघ्यांवर. भराभर पंजे वर गेले, पांदेलिसकाकांचे सगळ्यात आधी. स्त्रातिसचे सगळ्यात शेवटी. आधी त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग भाजल्याच्या खुणा असलेले ते मोठे हात वर केले आणि हलवत राहिला, इतरांचे खाली गेले तरी.

मग तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि माझ्या हातावर त्याने हात ठेवला.

"अजून सभा संपलेली नाही," मी पुटपुटले. "हात हलवायचे नाहीत."

"हलवायचे नाहीत. धरायचे नाहीत, असं कुठे लिहिलंय?"

मी दुसऱ्या हाताने वही उघडून पाहिली. तसं खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं.