घोटीव भिंतीतला चेहरा

उंबरदुर्गाच्या माचीवर पहाट फुटत होती. दरीतले धुके तटाला भिडले होते, नगारखान्यात नौबत झडत होती, आणि बालेकिल्ल्यावरच्या नव्या हमामखान्यात मात्र काम केव्हाच सुरू झाले होते. ओल्या चुन्यावर गुळगुळीत गारगोट्या घासत बायका भिंत घोटत होत्या. त्यांच्यात तोंडाला चुना फासून आणि पदर कपाळावर ओढून दर्याबाई बसल्या होत्या. मारले गेलेले किल्लेदार नागोजीराव यांची ही पत्नी गडावर परतली आहे, हे फक्त उस्ताद इद्रिसला ठाऊक होते.

हा कारागीर समुद्रापलीकडच्या मगरीब मुलुखातून दाभोळ बंदरात उतरला तेव्हा त्याला कोणी विचारत नव्हते. त्याला आसरा दिला तो नागोजीरावांनी. आणि त्याच नागोजीरावांना मेजवानीला बोलावून, त्यांच्या पंक्तीला बसून, त्यांच्या पाठीत कट्यार खुपसली ती सुभानरावाने, ज्याला त्यांनी धाकट्या भावासारखे वाढवले होते. दर्याबाई चोरवाटेने निसटल्या. सुभानरावाने किल्लेदारीची वस्त्रे तर अंगावर चढवली, पण त्यांच्याखालचे चिलखत तो झोपेतही उतरवेना. असल्या हरामखोराला गाठावे तरी कुठे, या एकाच विचाराने बाईंचे काळीज जळत होते.

अशात सुभानरावाला सुलतानी हमामाची हौस सुटली, आणि उस्तादाने आपल्या देशाची रीत त्याच्यापुढे मांडली. चुना घोटायचा, त्यावर करंजेलाचा काळा साबण चोळायचा, पुन्हा घोटायचा. मग भिंत पाणी पीत नाही आणि तिच्यात माणसाचा चेहरा दिसतो. मात्र चकाकी मुरेपर्यंत लोखंडाचा ओरखडा चालत नाही, म्हणून हत्यार, चिलखत, जोडे सारे उंबऱ्याबाहेर. शिवाय घोटणारा हात एकदा चालू झाला की थांबवायचा नाही. सुभानराव चेहऱ्याच्या गोष्टीवर भाळला आणि बाकीच्या अटींना हसून मान डोलावून बसला.

ऊन चढता चढता तो आला. उंबऱ्याशी त्याने चिलखत उतरवले, भालदारांनी भाले टेकवून ठेवले, आणि अनवाणी पायांनी सारे आत शिरले. बायकांनी घोटता घोटताच माना लवविल्या; कोपऱ्यातली एक तेवढी भिंतीकडे तोंड करून राहिली.

"ही कोण मुजरा न करणारी?" सुभानरावाने विचारले.

"सरकार, तिच्यासमोरचा चुना आत्ता सुकतोय," उस्ताद अदबीने म्हणाला. "मान वळली की हात चुकेल. आपला चेहरा तिथंच सर्वांत साफ दिसेल."

सुभानराव खूश झाला. तो बाईंच्या खांद्यावरून वाकला, मिशीवर हात फिरवू लागला, आणि त्या दुधट चकाकीत आपल्या चेहऱ्याशेजारी त्याला दुसरा चेहरा दिसला. घामाने त्याच्यावरचा चुना ओघळला होता.

"वहिनीसाहेब, आपण?"

"मी हात थांबवला, सुभानराव," दर्याबाई म्हणाल्या. "आता मुजरा घ्या."

साबणाच्या घड्यातून निघालेली कट्यार नागोजीरावांचीच होती. ती बरगडीखाली मुठीपर्यंत गेली. भालदार धावले, पण साबण सांडलेल्या फरशीवर त्यांचे पाय निसटले आणि ते एकमेकांवर कोसळले. तोवर उस्तादाने दाराबाहेरचे भाले दरीत भिरकावले होते. बाई प्रेत ओलांडून, रक्ताळल्या हातानिशी, एकट्याच सदरेवर चालत गेल्या. शिबंदीपुढे उभ्या राहून त्यांनी एवढेच विचारले, की नागोजीरावांचे मीठ अजून कोणाच्या पोटात आहे. आधी जुन्या हवालदाराने पागोटे त्यांच्या पायाशी ठेवले, मग हळूहळू सगळ्यांनीच.

हमाम पुढे कधी तापला नाही. त्याच्या भिंतीवरून पाणी मात्र तसेच ओघळून जाई. फक्त कोपऱ्यात, जिथे हात थांबला होता, तिथे तळव्याएवढी जागा खडबडीत राहिली आणि पाणी पिऊन काळवंडू लागली. उस्तादाचे मन त्या डागाने खट्टू होई. एकदा गारगोटी घेऊन तो परवानगी मागायला आला.

"राहू दे, उस्ताद," बाई म्हणाल्या. "पतीचं तोंड आठवायला मला भिंत लागत नाही. पण सुभानराव कसा मेला, हे मला रोज बघायचंय."