मामाच्या मागच्या दाराचं भोक

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात पदरचा एक शब्दही मी घातलेला नाही.

माझा मामा बिळं बुजवतो. थंडीची चाहूल लागली की उंदीर-झुरळं उबेसाठी घरात शिरतात आणि मामाचा फोन वाजायला लागतो. भोकात तारेची घासणी कोंबायची, वरून सिमेंट लिंपायचं. पण त्याच्या स्वतःच्या मागच्या दाराशी मात्र मुठीएवढं भोक उघडंच आहे.

शेजारी चिडवतात, "दिव्याखाली अंधार!"

मामा हसत नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार.

मावशीनं, म्हणजे मामाच्या ताईनं, नुकतंच भाड्यानं घर घेतलं होतं. ती आणि पाच वर्षांची छकुली, दोघीच. ओट्याखाली जुन्या नळाचं भोक होतं, थेट मागच्या अंगणात निघणारं. त्यातून सारखी खरखर यायची. छकुली आठवडाभर धड झोपली नव्हती.

मामाचा एक नियम होता. आदल्या संध्याकाळी भोकाबाहेर पावडर भुरभुरायची. सकाळी बाहेर जाणारे ठसे दिसले, तरच बुजवायचं. आत कुणाला कोंडायचं नाही. भिंतीत मेलं की घर महिनाभर घाण मारतं.

त्या सकाळी तो अंगणात वाकला...

उंदराचे पाय नव्हतेच.

हाताचे पंजे होते. इवलेसे. पाच-पाच बोटांचे.

सगळे आत जाणारे. बाहेर येणारा एकही नाही.

"छकुले, तू हात लावलास गं?"

तिनं आपला पंजा शेजारी धरून पाहिला. "माझा मोठा आहे, मामा."

मामानं सिमेंटचं घमेलं बाजूला सारलं. पण दारात ताई उभी होती, डोळे जागरणानं तांबारलेले.

"बुजव रे बाबा एकदाचं. पोरीला झोप तरी लागेल."

ताईपुढे त्याचं कधी चाललंय? त्यानं दोन्ही तोंडं बुजवली.

खरखर थांबली. दुपारी छकुली गाढ झोपली. मावशीनं चहा टाकला. मामानं पहिला घोट घेतला आणि...

थप्प.

ओट्याखाली सिमेंटचा ओला गोळा पडला होता. घासणीसकट. आतून ढकललेला.

तिथून फरशीवर सिमेंटचे पंजे उमटत गेले होते... छकुलीच्या अंथरुणापर्यंत.

परत आलेले नव्हते.

मामानं तिला उचलून छातीशी धरलं. ती डोळे न उघडताच पुटपुटली, "आता नाही त्याला थंडी वाजत."

दिवस मावळायच्या आत मामानं दोघींना आपल्या घरी आणलं. त्या तिथेच राहतात. आणि मागच्या दाराचं ते भोक? मामानंच छिन्नीनं पाडलंय. आत आलेलं कधीतरी बाहेर जाईल, या आशेवर.

दर ऑक्टोबरला तो आतल्या बाजूनं पावडर भुरभुरतो. ठसे भोकापर्यंत येतात... आणि छकुलीच्या खोलीकडे वळतात.

यंदा तिनं हसत हसत एका ठशावर आपला पंजा ठेवला. बरोब्बर बसला.

मी हल्ली तिकडे मुक्कामाला जात नाही. भीती वाटते, उगाच कशाला लपवू?

काल फोन केला तर मागे ठकठक चालली होती.

"काय करतोयस मामा?"

ठकठक थांबली.

"भोक मोठं करतोय," म्हणाला.